सिगारेटवर बंदी? आधी सिगारेट विकणाऱ्या गाड्याचं बघूया

मेलबर्नला आल्यापासून घरच्या फोनवर थंडी किती, नुस्तें म्हणजे मासे मिळतात का हे दोन प्रश्न झाले की तिसरा ठरलेला, तिथे म्हणे सिगारेट भयंकर महाग? हो, आहे. वीसचं पाकीट चाळीस डॉलरच्या आसपास, म्हणजे आपले दोन हजार आरामात पार. आणि पाकीट हातात धरावंसं वाटणार नाही असं, 2012 च्या डिसेंबरपासून सगळ्या कंपन्यांचं पाकीट एकाच मातकट शेवाळी रंगात, वर सडलेला पाय नाहीतर खराब झालेला डोळा, कंपनीचं नाव खाली साध्या अक्षरात. तेही दुकानात समोर मांडायचं नाही, कपाटात झाकून ठेवायचं. आता तर एकेका कांडीवर इशारा छापलेला असतो. हॉटेलच्या बाहेर फुटपाथवर टेबलं असतात ना, तिथे जेवणाऱ्यांच्या मध्ये बसून ओढायला 2017 पासून बंदी, त्यामुळे सुट्टीत गोव्यात आलो की किनाऱ्यावरच्या शॅकवर शेजारच्या टेबलावरून धूर थेट आपल्या कढीत यायला लागला की मला जास्तच त्रास होतो, सवय सुटली ना.

एवढं सांगितलं की पलीकडून उत्तर येतं, बघ, असा कडक कायदा आपल्याकडे पाहिजे, नाहीतर सरळ बंदीच टाका, झंझटच नको.

इथे माझं जरा वेगळं मत आहे.

इथल्या कायद्यांचा फायदा झालाच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. 1991 मध्ये ऑस्ट्रेलियात रोज ओढणारे 24 टक्के होते, 2022-23 च्या पाहणीत 8.3 टक्के राहिले. मेलबर्न ज्यात येतं त्या व्हिक्टोरिया राज्याने 1987 च्या कायद्यात एक हुशारी केली होती, ती मला फार आवडते. तंबाखूवरच्या करातून व्हिकहेल्थ नावाची संस्था उभी केली आणि जिथे जिथे सिगारेट कंपन्या खेळांना स्पॉन्सर होत्या तिथे त्याच पैशातून कंपन्यांची जागा घेतली. क्लबवाले गप्प बसले कारण त्यांचे पैसे बुडले नाहीत. आपल्याकडे तेव्हा काय चाललं होतं आठवतंय का? 1996 चा क्रिकेटचा वर्ल्ड कपच विल्स सिगारेटच्या नावाने झाला आणि आम्ही पोरं टीव्हीसमोर बसून होतो. असो.

पण त्याच मेलबर्नमध्ये 2023 पासून तंबाखूची दुकानं जळतायत. रात्री कोणीतरी गाडी घेऊन येतं, काच फोडून पेट्रोल टाकून पेटवून देतं, पळून जातं. राज्यात असे शंभरच्या वर प्रकार झाले. आमच्या जवळच्या बाजारातलं एक दुकान असंच गेलं, बाजूच्या केस कापायच्या दुकानाचीही भिंत काळी पडली, त्या माणसाचा काय संबंध? कारण साधं आहे. 2013 पासून सरकार दरवर्षी कर वाढवत गेलं, आठ वर्षं दर वर्षी साडेबारा टक्के, मग 2023 पासून परत जादा पाच पाच टक्के. दुकानातलं पाकीट चाळीसला आणि चोरून आणलेलं पंधराला, मग गिऱ्हाईक कुठे जाणार आणि त्या धंद्यात कोण शिरणार. टोळ्या शिरल्या. दुकानदाराला सांगायचं आमचा माल ठेव, नाहीतर जाळू. सरकारचं तंबाखूवरचं उत्पन्न काही वर्षांतच निम्म्याच्याही खाली आलं.

आणि आता गंमत ऐका. पाकिटाचा रंग ठरवणाऱ्या, कांडीवर छापणाऱ्या या देशात व्हिक्टोरिया राज्यात तंबाखू विकायला लायसन्सच लागत नव्हतं! कोणीही शटर उघडा आणि विका. लायसन्सचा कायदा 2024 मध्ये झाला, अमलात आला 2025 मध्ये, दुकानं जळायला लागल्यावर. ओढणाऱ्याला सगळीकडून बांधला, पाकिटाला बांधला, विकणारा मोकळाच.

आता आपल्याकडे बघा, आपणही तेच केलंय. कायद्यांच्या बाबतीत गोवा मागे कधीच नव्हता. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकणं यावर गोव्याचा स्वतःचा कायदा 1997 चा, देशाचा तंबाखूवरचा कायदा, कोटपा, त्यानंतर सहा वर्षांनी, 2003 मध्ये आला. त्यामागे डॉ. शरद वैद्य यांच्यासारखा कॅन्सरचा सर्जन होता, जो ऑपरेशन करून थांबला नाही, शाळाशाळांतून फिरला. गुटखाबंदी 2005 ची, महाराष्ट्राच्या 2012 च्या बंदीच्या सात वर्षं आधी. आणि आकडेही चांगले आहेत, 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत देशात 28.6 टक्के मोठी माणसं कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होती, गोव्यात 9.7, सगळ्या राज्यांत कमी. म्हणजे हा प्रश्न मिटवणं कुणाला सर्वात सोपं आहे तर आपल्याला.

तरी बसस्टँडच्या बाहेर पडा आणि गुटखा मागून बघा. शाळेपासून 100 यार्डांत विकायचं नाही, 18 च्या खालच्याला द्यायचं नाही, हे सगळं लिहिलेलं आहे. ई-सिगारेट तर 2019 पासून देशभर पूर्ण बंद, कळंगुट-बागा पट्ट्यात रात्री चक्कर मारा आणि किती जणांच्या हातात दिसते ते सांगा. पूर्ण बंदी म्हणणाऱ्यांनी भूतानचंही बघावं, 2004 मध्ये विक्रीवर बंदी घातली, माल सीमेवरून चोरून येतच राहिला आणि कोविडमध्ये त्या ये-जा करणाऱ्यांमुळे रोग येईल म्हणून शेवटी विक्री परत उघडली. आपल्याला तर तेवढीही लांब सीमा नको, पत्रादेवीचा नाका ओलांडला की महाराष्ट्रातलं बांदा.

माझ्या मावसभावाचा म्हापशाला गाडा आहे, चहा, सोडा, वेफर, सिगारेट. त्याला विचारलं, तू सिगारेट ठेवणं बंद केलंस तर? म्हणाला, "अरे, सिगारेटीत मला सुटतं किती? काहीच नाही. पण जो एक कांडी घ्यायला थांबतो तो चहा घेतो, दुसऱ्याला पाजतो, बसतो. पाकीट घेणारा माणूस थांबत नाही रे, तो घरी जातो." हे कुठल्या रिपोर्टमध्ये वाचलं नव्हतं मी. सगळा खेळ सुट्या कांडीचा आहे. कॉलेजचा पोरगा पूर्ण पाकीट घेऊ शकत नाही, त्याच्याकडे तेवढे पैसेही नसतात आणि घरी लपवायला जागाही नसते, पण एक कांडी तो रोज घेऊ शकतो, आणि पाकिटावरचा 85 टक्के भागातला तो भयानक फोटो आणि इशारा त्याला दिसतही नाही कारण पाकीट गाडेवाल्याच्या हातात. एवढा खर्च करून छापलेला फोटो बघतो कोण, तर माझा मावसभाऊ!

सुटी विक्री महाराष्ट्राने 2020 मध्ये बंद केली, पण सावंतवाडीला जाऊन एक मागितलीत तर कोणी नाही म्हणेल असं मला वाटत नाही, कारण नाही म्हणण्यात गाडेवाल्याचं नुकसान आहे आणि हो म्हणण्यात काहीच नाही. फार तर दोनशे रुपये दंड सार्वजनिक ठिकाणी ओढणाऱ्याला, तो पण सापडला तर.

म्हणून म्हणतो, तंबाखूचं वेगळं लायसन्स काढा, पालिका आणि पंचायतीमार्फत. ही माझी कल्पना नाही, केंद्राच्या आरोग्य खात्याने 2017 मध्येच राज्यांना पालिकांमार्फत तसं करायला कळवलंय, शिवाय अशा दुकानात चॉकलेट, चिप्स, बिस्किट ठेवू नका असंही, म्हणजे लहान मुलाला त्या काउंटरवर जायचं कारणच उरणार नाही. लायसन्स असलं की घालवायला काहीतरी असतं, सुटी विकली, पोराला विकली, की रद्द. आणि कर वाढवायचाच तर विडी, सिगारेट, खायची तंबाखू सगळ्यांवर हळूहळू आणि एकाच वेळी, नाहीतर माणूस सोडत नाही, स्वस्तातल्याकडे सरकतो. मेलबर्नसारखी उडी नको.

मावसभावाचा विरोध आहे, अर्थातच. त्याचं म्हणणं चहा-बिस्किटवाला गाडा आणि तंबाखूवाला गाडा वेगळे केले तर तो चहाच ठेवेल, पण पलीकडच्याने दोन्ही चालू ठेवलं आणि इन्स्पेक्टर हप्ता घेऊन गेला तर याने काय करायचं? बरोबर आहे त्याचं. म्हणून सुरुवात एका गावापासून करून चालणार नाही, निदान एका तालुक्यात एकाच दिवशी झालं पाहिजे, आणि कुणाकुणाला लायसन्स दिलं ती यादी पंचायतीच्या बोर्डावर लागली पाहिजे, म्हणजे यादीत नसलेला कोण विकतोय ते गावालाच दिसेल.

रविवारच्या ग्रामसभेत सांडपाण्यापासून मेगा प्रोजेक्टपर्यंत सगळं निघतं, हे कोणी काढलंत तर सरपंच काय म्हणाले ते मला जरूर कळवा.