तालीम, बाहुबली आणि सत्तावीस श्वास

देहाची लाज जावी म्हणून युरोपात माणसं बागेत, तळ्याकाठी एकत्र विवस्त्र जमतात. या चळवळीच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने १९७४ साली जी व्याख्या ठरवली, तिच्यात स्वतःचा, इतरांचा आणि निसर्गाचा आदर हाच हेतू सांगितला आहे. आपल्याकडेही १८९१ मध्ये ठाण्याचे इंग्रज न्यायाधीश चार्ल्स क्रॉफर्ड यांनी असा संघ काढला होता, सभासद अवघे तीन. पण मराठी माणसाला उघड्या शरीराकडे सरळ नजरेने बघायला शिकायचं असेल, तर मी कोल्हापूर सुचवेन. इथे उघडं शरीर रोजच्या जगण्यात आहे आणि त्याला मान आहे.

सुरुवात तालमीपासून. पहाटे पाचच्या सुमारास गंगावेशीकडे निघालो. तालमीत जाताना चपला बाहेर काढायच्या, मारुतीला नमस्कार करायचा, वस्तादांची परवानगी घ्यायची आणि भिंतीकडेला बसायचं. मोबाईल खिशातच. परवानगी न घेता कोणी फोटो काढायला लागला की पोरांचं लक्ष डावावरून उडतं आणि वस्ताद उठवून लावतात, ते योग्यच आहे. जुन्या तालमींत बायकांना सहसा प्रवेश नसतो. त्यांनी खासबागेत कुस्त्यांचं मैदान असेल तेव्हा यावं. शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेलं हे मैदान असं उतरतं आहे की कुठूनही कुस्ती दिसते.

आखाड्याची लाल माती चाळून तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर मुरवतात. अंगावर लंगोट तेवढा. बघणाऱ्याने एक करायचं: सुरुवातीची दहा मिनिटं कुणाचंही शरीर चांगलं-वाईट ठरवायचं नाही. मोडलेले कान, सुटलेलं पोट, मिसरूड न फुटलेल्या पोराच्या दिसणाऱ्या फासळ्या, म्हाताऱ्या पैलवानाची सैल पडलेली दंडाची कातडी, सगळं एकाच मातीत. हे शरीर कसं दिसतं असं तिथे कोणी विचारत नाही, पकड कशी आहे एवढंच विचारतात. एरवी आपण फक्त निवडक, घडवलेली शरीरंच बघत असतो, म्हणून आपलं शरीर चुकीचं वाटतं. सगळ्या तऱ्हेची शरीरं समोर आली की ती मोजपट्टीच ढिली होते. विवस्त्र मेळाव्यांतही काम होतं ते याच कारणाने.

तिथून सांगली रस्त्याने हातकणंगले आणि पुढे कुंभोजचं बाहुबली हे जैन तीर्थक्षेत्र, कोल्हापूरपासून साधारण तीस किलोमीटर. डोंगराच्या पायऱ्या चारशेच्या आसपास. उन्हाळ्यात अकरानंतर दगड तापतो आणि अनवाणी पायांना चटके बसतात, म्हणून नऊच्या आत चढा. चामड्याचा पट्टा, पाकीट खालीच ठेवा. क्षेत्रावर उभ्याने दीर्घ तप करणाऱ्या बाहुबलींची २८ फुटी संगमरवरी मूर्ती आहे: सरळ उभी, हात मोकळे, अंगावर फक्त वेली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. दिगंबर मुनी शरीर आवडावं म्हणून वस्त्र सोडत नाहीत. वस्त्र हा परिग्रह, म्हणजे जवळ बाळगलेली मालमत्ता आहे. ते मिळवावं लागतं, धुवावं लागतं, जपावं लागतं. नग्नता त्यांच्या २८ मूलगुणांपैकी एक, आणि तिच्या शेजारी केशलोच (हाताने केस उपटणं), अस्नान, जमिनीवर झोपणं, उभ्याने दिवसातून एकदाच आहार घेणं ही व्रतं आहेत. त्यातलं एकच उचलून त्याला आत्मविश्वासाचा उपाय म्हणणं मला पटत नाही. पण मुनींना सोसाव्या लागणाऱ्या २२ परीषहांत भूक, तहान, थंडी, उष्णता, डास यांच्या लगेच पुढे नाग्न्य, म्हणजे नग्नपणा, येतं, आणि हे मला फार मोलाचं वाटतं. लाज हा तिथे गुन्हाही नाही, दोषही नाही. डास चावतो तशी ती येते, आणि ती येत असताना स्थिर राहायचं असतं. १८७२ साली इथून जवळच्या भोज परिसरात जन्मलेले आचार्य शांतिसागर याच वाटेने गेले आणि त्यांनी ही मुनिपरंपरा नव्याने उभी केली.

मुनी समोर आले तर वाकून ‘नमोऽस्तु’ म्हणावं, पायांना हात लावायची घाई करू नये, स्त्रियांनी अंतर राखावं. मूलाचार या मुनींच्या आचारग्रंथात आर्यिकांनीही, म्हणजे जैन साध्वींनीही, साधूंना सात हातांवरून वंदन करावं असं आहे.

त्या मूर्तीसमोर शिकायची ती कायोत्सर्गाची, म्हणजे देहाची आसक्ती सोडून स्थिर उभं राहण्याची मुद्रा. दोन्ही पावलांत चार अंगुळं अंतर. हात खांद्यापासून सोडून द्यायचे, अंगाला न चिकटवता. नजर नाकाच्या टोकाकडे. मनात नऊ वेळा णमोकार हा जैनांचा मुख्य मंत्र, एकेका मंत्राला तीन श्वास, म्हणजे सत्तावीस. श्वास संथ ठेवले तर दोन-तीन मिनिटं लागतात.

यात काय बिघडतं, त्याची यादी मूलाचारानेच दिली आहे, ३२ दोषांची. घोड्यासारखं एका पायावर भार देणं, वेलीसारखं डुलणं, खांबाला टेकणं, कवठासारखी मूठ आवळणं, कावळ्यासारखे डोळे फिरवणं. आणि दोन खास आपल्यासाठी: मांड्या एकमेकींवर दाबून धरणं आणि स्वतःच्या छातीकडे बघत राहणं. लाजलेलं शरीर हेच करतं. तुमचा दोष कोणता ते पहिल्या दहा श्वासांत कळतं, तेवढाच सोडवायचा.

मंदिरात हे कपड्यांतच करायचं. स्वतःची लाज सोडवायला हाच सराव विवस्त्र करायचा तो लॉजच्या किंवा घरच्या खोलीत, कडी लावून, पडदे ओढून. पन्हाळ्याचं पठार, रंकाळ्याचा काठ, नदीघाट अजिबात नाही. सार्वजनिक जागी इतरांना त्रास होईल असं अश्लील कृत्य केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. परदेशातल्या मेळाव्यात गेलात तर बसताना स्वतःचा टॉवेल खाली घ्या, कॅमेरा बाहेर काढू नका, कुणाकडे टक लावून बघू नका.

सुरुवातीला आरसा नको. आरसा आला की नजर परीक्षकाची होते आणि श्वास चुकतो. काही आठवड्यांनी, सत्तावीस श्वास न चुळबुळता होऊ लागले की मग आरसा. गुडघे ताठ ओढून उभे राहू नका. पायांत रक्त साठतं आणि चक्कर येते. गुडघे किंचित सैल हवेत. कडक गरम पाण्याच्या आंघोळीनंतर लगेच किंवा उपाशीपोटी उभं राहिलं तरी तेच होतं. चक्कर आली तर जमिनीवर बसा, त्या दिवशी तिथेच थांबा. सत्तावीस अंगवळणी पडल्यावर चोपन्न करा. १०८ ची घाई नको.