आमची वाटचाल : कुऱ्हाडीपासून उभ्या स्प्लिटरपर्यंत

आमच्या वखारीत येणारं लाकूड जंगलातलं नाही, रस्त्याकडेचं आहे. पावसाळ्यापूर्वीची छाटणी आणि जून-जुलैत उन्मळून पडलेली झाडं, एवढाच माल. त्यात वर्षावृक्ष, गुलमोहर, सोनमोहर, पिंपळ असतात, कधी आंबा किंवा चिंच. इमारतींच्या सावलीतून उजेडाकडे वाकलेली आणि वायरींसाठी वर्षानुवर्षं छाटलेली ही झाडं. त्यामुळे दर दोन फुटांवर गाठ नाही तर बेचकं. सहा फुटांचा सरळ ओंडका आला तर माणसं उठून बघायला जातात.

सुरुवात कुऱ्हाड, घण आणि लोखंडी पाचरीने झाली. गुलमोहर त्याने फुटतो. वर्षावृक्षाचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, तिथे पाचर नुसती रुतून बसते. ती काढायला दुसरी पाचर, आणि मग दोन्ही काढायला तिसरी.

यंत्र घ्यायचं ठरलं की सगळे पहिल्यांदा दाखवतात ते एका टोकाने ओंडका घेऊन दुसऱ्या टोकाने फोडलेलं जळण देणारं मोठं प्रोसेसर. सरळसोट लाकडावर ते झकास चालतं. आमच्या मालावर मात्र तीन ठिकाणी अडतं. वाकडा ओंडका पट्ट्यावर लोळतो आणि पकड सुटते. कापलेला तुकडा फोडणीच्या खाचेत तिरका पडतो, म्हणून पाचर मध्यावर न लागता कडेला लागते. तिसरी गोष्ट व्यासाची. माहितीपत्रकातला आकडा सरळ खोडाचा असतो, पण तोंडात शिरताना बेचक्याची पूर्ण रुंदी मोजायची. ४० सेंटिमीटरच्या तोंडात ३० सेंटिमीटर जाडीचं बेचकंसुद्धा अडकतं. म्हणून कापणी वेगळी आणि फोडणी वेगळी, हे आम्ही पक्कं केलं.

कापणी चेनसॉनेच होते. पट्टी १८ ते २० इंची, चेन गोलसर दातांची. चौकोनी दातांची जलद कापते, पण मातीच्या सालीवर तासाभरात बोथट होते. इंधनात तेल ५० ला १, म्हणजे ५ लिटर पेट्रोलला १०० मिलि. तुकडे ठरावीक मापाने पाडायचे नाहीत, बाक जिथे आहे तिथे छेद घ्यायचा. एक तुकडा १४ इंची, दुसरा १८ इंची झाला तरी चालतो. दोन्ही तोंडं काटकोनात आली पाहिजेत, एवढंच. तोंड तिरकं राहिलं की स्प्लिटरवर, म्हणजे तेलाच्या दाबाने पाचर रेटून लाकूड फोडणाऱ्या यंत्रावर, तुकडा बाहेर उडतो. रस्त्याकडेच्या झाडात खिळे, तारा, फलकांचे हुक असणारच. हातातला मेटल डिटेक्टर फिरवा. शिवाय कापलेल्या तोंडावर निळसर-काळा डाग दिसला की थांबा, जवळपास लोखंड गंजलेलं आहे. आंबा-चिंचेत हा डाग चटकन ओळखू येतो.

आता स्प्लिटर. दुकानात आधी टनांचा आकडा, म्हणजे पाचर किती जोराने रेटली जाते ते सांगतात. तो स्वतः काढून पाहा. १०० मिलिमीटर बोअरच्या (आतल्या व्यासाच्या) सिलिंडरचं क्षेत्रफळ ७८.५ चौरस सेंटिमीटर, दाब चौरस सेंटिमीटरला १७५ किलो धरला तर जोर पावणेचौदा टन. १२५ मिलिमीटर बोअरला त्याच दाबावर साडेएकवीस टन. गाठाळ मालाला आम्ही वीस टनांच्या खाली जात नाही. पण बोअर वाढला की वेग मरतो: मिनिटाला २० लिटरच्या पंपावर ६० सेंटिमीटरचा स्ट्रोक, म्हणजे पाचरीची एक पूर्ण चाल, पहिल्यात १४ सेकंद, दुसऱ्यात २२ सेकंद घेतो. यावर उपाय दोन टप्प्यांचा पंप. मोकळं जाताना तेल जास्त, जोर लागला की कमी तेल आणि पूर्ण दाब. एकटप्पी २० लिटरला १० एचपीची मोटर लागते, दोन टप्प्यांत ५ एचपीवर भागतं. थ्री फेज कनेक्शन नसेल तर हाच फरक निर्णायक ठरतो.

यंत्र उभंच घ्यावं. ६० सेंटिमीटर व्यासाचा, ४५ सेंटिमीटर लांबीचा ओला तुकडा ११५ किलोच्या आसपास भरतो. तो रोज टेबलावर उचलायचा म्हणजे माणसाची कंबर गेली. उभ्या यंत्रात तो पायथ्याच्या पाटावर लोळवत न्यायचा. एका दमात चार फाका करणारी चौपाचर आम्ही काढून ठेवली आहे. गाठीत ती अडकते आणि सुटत नाही. फ्लायव्हीलवर धडक मारणारी यंत्रं सरळ लाकडाला चांगली, पण गाठीवर आपटून मागे येतात.

बेचकं फोडायची पद्धत ठरलेली आहे. उलटं उभं करा, खोडाचं तोंड वर. दोन्ही फांद्यांच्या गाभ्यांतून एकच रेषा जाईल अशी पाचर ठेवा. फांद्यांच्या मधोमध आडवी घातली तर तंतू सोडत नाहीत. तरीही न फुटणारं आडवं टाकून चेनसॉने लांबीत चिरायचं. तेव्हा भुसा न पडता शेवयांसारखे लांब धागे निघतात आणि स्प्रॉकेटच्या झाकणात साचतात. दर दोन-तीन चिरांनंतर झाकण साफ केलं नाही तर क्लच तापतो. नारळ स्प्लिटरवर घालूच नये. तो फाकत नाही, चिंध्या होतात.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेचा त्रास निराळा. सिलिंडरच्या रॉडच्या क्रोमवर खड्डे पडले की ते सील कापतात आणि तेल गळू लागतं. म्हणून रात्री रॉड आत ओढून ठेवायचा आणि त्याला तेलाचा हात फिरवायचा. टाकीतलं तेल दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. ते बदला, नाहीतर पंप जाईल. आम्ही ६८ ग्रेडचं हायड्रॉलिक तेल वापरतो, उन्हाळ्यात त्याहून पातळ नको.

गिऱ्हाइकाचंही गणित बदललं. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. बारीक फोडीची मागणी त्यामुळे आटत चालली. स्मशानाला जाड, लांब तुकडे लागतात, एका चितेला साधारण ३०० किलो. तिथे एका ओंडक्याच्या दोन किंवा चार फाका पुरतात. नवीन स्प्लिटर घेणाऱ्याने म्हणून आधी ९० सेंटिमीटर स्ट्रोकची चौकशी करावी. ६० चा आता आमच्याकडे निम्मा वेळ रिकामा असतो.