जेवताना अत्तर कशाला?

साकेची, म्हणजे जपानच्या तांदळाच्या दारूची, महागडी बाटली जेवणाबरोबर उघडू नये, असं माझं मत आहे आणि टोकियोतल्या माझ्या बहुतेक मित्रमंडळींना ते पटत नाही. भारतातून कोणी पाहुणा आला की त्याला दाईगिंजोच पाजायची, तीही गारढोण, वाइनच्या ग्लासात, हा इथल्या आपल्या लोकांचा रिवाज. दाईगिंजो म्हणजे तांदळाचा दाणा घासून घासून निम्मा किंवा त्याहूनही कमी उरवायचा आणि त्या उरलेल्या गाभ्याची साके करायची. रोजच्या भाताच्या तांदळाचा इथे जेमतेम दहावा हिस्सा कांडून काढतात, त्यावरून हा उद्योग किती खर्चीक ते लक्षात यावं. वरच्या थरातली प्रथिनं आणि स्निग्धांश निघून जातात, थंडीत यीस्टला सावकाश काम करू दिलं जातं, आणि मग त्या पेयाला सफरचंदाचा, खरबुजाचा, कधी पिकल्या केळ्याचा वास येतो. फळाची एक फोडही त्यात पडलेली नसते. मला अजूनही त्याचं नवल वाटतं.

पण माझा आतेभाऊ रत्नागिरीहून आला तेव्हा त्याने या सगळ्याचा निकाल एका वाक्यात लावला. त्याने प्याला नाकाशी नेला, डोळे मिटले, घोट घेतला. मग समोर मीठ लावून भाजलेला साबा होता, आपल्या बांगड्याचा भाऊबंद, त्याकडे बघून म्हणाला, "अगं, वास झकास आहे. पण जेवताना अत्तर कशाला?"

दादाला साकेतलं काही कळत नाही. माशातलं मात्र सगळं कळतं, आणि हा प्रश्न माशाच्या बाजूने विचारलेला होता.

साके चाखणं आणि साकेबरोबर जेवणं ही दोन वेगळी कामं आहेत. चाखण्यासाठी पांढरा चिनी मातीचा पेला असतो, त्याच्या तळाशी निळी वर्तुळं. निळ्या-पांढऱ्याच्या कडेवर साकेचा नितळपणा आणि रंगाची झाक लगेच कळते. मग वास, मग छोटा घोट, जिभेवर फिरवून तोंडातून थोडी हवा आत ओढायची, आणि परीक्षक असाल तर थुंकून टाकायची. नव्या साकेची देशपातळीवरची परीक्षा जपानात १९११पासून चालत आली आहे. तिथे परीक्षकासमोर ताट नसतं. पेल्यांची रांग असते. अशा रांगेत सुवासिक साके उठून दिसणारच. मला त्या परीक्षकांबद्दल आदर आहे, पण त्यांच्या पदकांवरून मी माझ्या जेवणाची बाटली निवडत नाही.

मी निवडते ती जुनमाई. तांदूळ, पाणी, कोजी आणि यीस्ट, वरून मद्यार्क घातलेला नाही. दाणा फार न घासलेली, म्हणून किमतीला बेताची. कोजी म्हणजे वाफवलेल्या तांदळावर वाढवलेली बुरशी, मिसो आणि सोया सॉस यांच्याही मुळाशी असलेली. ती पिष्टाची साखर करते आणि त्याच पिंपात, त्याच वेळी, यीस्ट त्या साखरेचा मद्यार्क करत असतं. या दुहेरी कामामुळेच ऊर्ध्वपातन न करता साके २० टक्क्यांच्या आसपास पोहोचू शकते. मग बहुतेक वेळा पाणी घालून ती १५-१६वर आणतात. माझ्या मुद्द्यासाठी महत्त्वाचं ते पुढे आहे. हीच कोजी तांदळातली प्रथिनंही फोडते आणि त्यांतून अमिनो आम्लं सुटतात. उमामी म्हणून जी खोल, तोंडात रेंगाळणारी चव ओळखली जाते, ती बरीचशी यांचीच. दाईगिंजोवाले जी प्रथिनं घासून टाकतात, त्यांतच जेवणाची सोबत दडलेली असते. आता बोला.

ही जुनमाई मी गरम करते. गरम म्हणजे उकळती नाही. पाणी उकळून गॅस बंद करायचा, साके भरलेली तोक्कुरी, म्हणजे अरुंद गळ्याची छोटी सुरई, गळ्यापर्यंत त्यात उभी करायची आणि दोन-तीन मिनिटांनी बाहेर काढायची. तोक्कुरीचा तळ हाताला छान ऊन लागला की झालं. जपानी लोकांनी दर पाच अंशांना नाव ठेवलं आहे: ५ अंशांना हिमाच्या गारव्याचं, ३५ला अंगाच्या उबेचं, ४०ला नुरुकान म्हणजे कोमट, ५०ला आत्सुकान म्हणजे गरम. मी चाळिशीतली आहे, साकेच्या बाबतीत तरी. तेवढ्या उबेला गोडवा आणि उमामी दोन्ही खुलतात आणि आंबटपणाचे कोपरे बोथट होतात. ५५च्या पुढे मद्यार्काचा भपकारा नाकात जातो. 'गरम करतात ती हलकी साके' असं आपल्याकडचे जाणकार ऐटीत सांगतात, पण गार साकेचं कौतुक हे मुख्यतः १९८०च्या दशकातल्या गिंजोच्या, म्हणजे दाणा जास्त घासून केलेल्या सुवासिक साकेच्या, लाटेचं देणं आहे. त्याआधी कित्येक पिढ्या साके ऊन करूनच पीत आल्या.

चाळीस अंशांवरच्या जुनमाईबरोबर माझ्या मते जगातली सर्वात योग्य गोष्ट म्हणजे तिसऱ्या. इथे त्यांना आसारी म्हणतात, जात थोडी वेगळी, पण कोकणातल्या माणसाला परकी वाटणार नाही. त्या साकेतच वाफवतात: कढईत तिसऱ्या, थोडं आलं, पेलाभर साके, झाकण. शिंपले उघडले की काम झालं. खोबरं नाही, तिखट नाही. आईला हे सांगितलं तर ती म्हणेल, मग शिजवलंस काय? पण तळाशी जो रस उरतो तो चमच्याने प्यावा आणि वर साकेचा घोट घ्यावा. तिसऱ्यांच्या रसाची चव ज्या सक्सिनिक आम्लामुळे येते, तेच साकेतही असतं, आणि ते कोमट असतानाच जिभेला जास्त आवडतं. कुठे रस संपला आणि कुठे साके सुरू झाली ते कळत नाही.

माशाशी साकेचं जमतं याला आणखी एक कारण आहे. वाइनमधलं लोह कधीकधी माशाचा वशट वास वाढवतं, असं जपानी संशोधकांनी दाखवलं आहे. साकेत लोह नावालाच असतं, कारण लोहाने तिचा रंग आणि चव बिघडते. बनवणारे लोक पाणी निवडतानाच ते टाळतात. कोबेजवळच्या 'नादा' या साकेच्या मुलुखाला मियामिझु नावाच्या पाण्याने मोठं केलं. खनिजांनी जड, पण लोह अगदी कमी. त्या पाण्यात आंबणं जोरात होतं आणि साके कणखर निघते. क्योतोच्या फुशिमीचं पाणी मृदू, तिथली साके मवाळ, आणि तिथलं जेवणही मंद रशाचं, तोफूचं. शिकोकू बेटावरच्या कोचीत (आपल्या केरळातलं नव्हे) कात्सुओ मासा पेंढ्याच्या जाळावर वरवर भाजून, लसणाच्या कच्च्या चकत्या टाकून खातात आणि बरोबर कोरडी साके पितात. पिण्याच्या बाबतीत कोचीची मंडळी साऱ्या जपानात प्रसिद्ध आहेत. गावची साके गावच्या ताटाशी बसते, याहून मोठा नियम मला सापडलेला नाही.

तरी मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो नीगाता प्रांताचा कंजूषपणा. एचिगो-युझावा हे तिथलं बर्फातलं स्टेशन. तिथे स्टेशनातच भिंतभर यंत्रं लावली आहेत, टोकन टाकलं की नीगातातल्या वेगवेगळ्या कारखान्यांची साके पेल्यात पडते. आणि तोंडी लावायला काय, तर मीठ. तऱ्हेतऱ्हेचं मीठ मांडलेलं असतं, बोटाला लावून चाटायचं आणि घोट घ्यायचा. सोळाव्या शतकातला इथला सरदार उएसुगी केन्शिन मीठ किंवा खारवलेला उमे (आलुबुखारासारखं आंबट फळ) तोंडात टाकून प्यायचा असं सांगतात. गंमत म्हणून करून पाहिलं तर मिठाच्या कणाने साकेतला गोडवा अचानक पुढे येतो. चकणा म्हणून परातभर शेंगदाणे मागणाऱ्या आपल्या माणसाला हे अपमानास्पद वाटेल, याची मला कल्पना आहे.

भात मात्र शेवटी. इझाकायात, म्हणजे इथल्या खाण्यापिण्याच्या गुत्त्यात, पिणं संपेपर्यंत बहुतेक जण भाताला हात लावत नाहीत. पेल्यात तांदूळ आहेच, तर वाडग्यात पुन्हा तोच कशाला, असं त्यामागचं गणित. शेवटी वाडगाभर भातावर गरम चहा किंवा दाशी (सुक्या माशाचं नि समुद्री शेवाळाचं पातळ सार) ओतायची आणि दोन लोणच्याच्या फोडींबरोबर संपवायचं. ताकभाताने जेवण मिटवणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

आता घरचं. सुकट नुसती कोरडी भाजून, कांदा बारीक चिरून, तिखट अगदी चिमूटभर: उत्तम, कोमट जुनमाईबरोबर तर फारच. भाजलेले सुके बोंबीलही, फक्त खिडक्या उघड्या ठेवा, जपानी शेजारी सोशीक असले तरी माणसंच आहेत. सुरमई तळलेली चालते, लाल तिखट कमी असेल तर. सोलकढीशी मात्र नाही. कोकमाचा आंबटपणा साकेला पार पुसून टाकतो. मालवणी मटणाच्या रश्श्यापुढेही तिचा टिकाव लागत नाही, गार काय, ऊन काय. दादाचं म्हणणं, ५५पर्यंत तापवली तर लागेल. आम्ही करूनही पाहिलं. तो अजून लागतेच म्हणतो. मी त्या दिवशी बिअर घेतली.