क्लायंटचा ‘जरासा’ बदल आणि रेंडर पास

क्लायंट म्हणतो बाटलीवरची चमक जरा कमी करा, आता त्यासाठी कोण रात्रभर परत रेंडर (थ्रीडी दृश्यातून अंतिम चित्र काढणं) लावत बसणार? म्हणून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स रेंडर इंजिनमध्ये डिफ्यूज (पसरट उजेड), ग्लॉसी (चमक), एमिशन (वस्तूचा स्वतःचा उजेड) असे सगळे पास, म्हणजे चित्राचे वेगवेगळे थर, मी आधीच ऑन ठेवतो, सगळे एकाच मल्टीलेयर ईएक्सआर फाइलमध्ये, ती जड होते पण होऊ दे. कंपोझिटरमध्ये (जिथे हे थर परत जोडतात) ग्लॉसी डायरेक्ट (थेट दिव्यांची चमक) अधिक इनडायरेक्ट (इतर वस्तूंवरून आलेली), त्याला ग्लॉसी कलरने गुणायचं, हवं तेवढं उतरवायचं आणि बाकीच्यात मिळवायचं, झालं काम. फक्त बाटलीपुरतंच हवं तर क्रिप्टोमॅट, म्हणजे एकेक वस्तू वेगळी निवडू देणारा पास, कडा एकदम स्वच्छ, कारण पिक्सेलमध्ये कुठली वस्तू किती टक्के हे त्यात साठवलेलं असतं (३२ बिटच ठेवा हां, १६ मध्ये वस्तूंचे ओळख क्रमांक, म्हणजे आयडी, बिघडतात). झेड पासला (कॅमेऱ्यापासूनचं अंतर साठवणारा) मात्र अँटीअलायझिंग, म्हणजे कडा मऊ करणं, लावू नका, कडेच्या पिक्सेलला धड पुढचं ना मागचं असं भलतंच अंतर मिळतं आणि त्या अंतरावरून ब्लर केलं की घाणेरडी किनार दिसते.