तो कवी बाई आहे का?

सोव्हिएत दिग्दर्शक सर्गेई पराजानोवचा ‘द कलर ऑफ पोमग्रॅनेट्स’ हा चित्रपट पाहिलेली माणसं मला हमखास दोन गोष्टी विचारतात. तो तरुण कवी बाई आहे का? आणि असेल, तर तिने पुढे काही केलं की नाही?

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. ती जॉर्जियाची अभिनेत्री सोफिको चिआउरेली. अठराव्या शतकातला शाहीर सायत-नोव्हा तरुणपणी तीच, त्याची प्रेयसीही तीच, शिवाय आणखी काही रूपं. इथे बालगंधर्व आठवतात, पण उपयोग नाही. स्टेजवर पुरुष उभा आहे याचा विसर पाडणं ही त्यांची कमाल. पराजानोवला कसलाच विसर पाडायचा नाही. कवी आणि प्रेयसी यांचा चेहरा एकच असल्याचं आपल्याला दिसावं, हीच त्याची इच्छा. संवाद जवळपास नाहीत, कॅमेरा जागचा हलत नाही. अशा चौकटीत भलेभले पुतळे होतात. ही नुसत्या नजरेवर माणूस बदलते.

दुसऱ्या प्रश्नाने मात्र मी जरा चिडतो. त्याच 1969 सालच्या गिओर्गी दानेलियाच्या ‘डोन्ट ग्रीव्ह’मध्ये ती नायकाची बहीण आहे: घरभर पोरं, उनाड डॉक्टर भाऊ आणि त्याचं लग्न लावून द्यायची घाई. तीच बाई, तेच वर्ष! परदेशात तिची मूक छबी पोस्टरवर गेली आणि हे सगळं मागे पडलं.

घराण्याचं म्हणाल, तर होतंच. आई वेरिको अंजापारिद्झे म्हणजे जॉर्जियन रंगभूमीची सम्राज्ञी. वडील मिखाईल चिआउरेली स्टालिनच्या खास मर्जीतले दिग्दर्शक. दानेलिया मावसभाऊ. पहिला नवरा गिओर्गी शेंगेलाया हाही दिग्दर्शक. 1937 साली तिबिलिसीत जन्मलेल्या या मुलीला दार ठोठवावं लागलं नसणार. पण तेंगिझ अबुलाद्झेच्या ‘विशिंग ट्री’मधली फुफाला तिला घराण्याने दिलेली नाही. रशियन क्रांतीच्या आधीचं खेडं. त्यात चेहऱ्यावर रंग थापून, जुनेपाने झगे घालून हिंडणारी, हरवलेल्या प्रियकराच्या गोष्टी सांगणारी, वय उलटून गेलेली बाई. गाव तिला हसतं. ऐन चाळिशीच्या उंबरठ्यावर, रूपाचं एवढं नाव असताना, सोफिकोने स्वतःचं असं हसं करून घेतलं. मला तिचं सर्वांत धीट काम हेच वाटतं.

मॉस्कोत शिकून आल्यावर ती आईच्याच मार्जानिश्विली नाट्यगृहात दाखल झाली. मधली काही वर्षं रुस्तावेली नाट्यगृहातली. मग पुन्हा परत. तिचं नाटक आपल्यापर्यंत पोचलेलं नाही, याची चुटपुट मला आहे. दुसरा नवरा कोते माखारद्झे हा नट, पण सोव्हिएत घराघरांत ओळखीचा तो फुटबॉलच्या धावत्या वर्णनामुळे. 1987 मध्ये वेरिको गेल्या. पुढे या जोडप्याने राहत्या घरातच छोटं नाट्यगृह थाटलं आणि त्याला आईचं नाव दिलं. 2002 मध्ये कोते गेला, 2008 मध्ये सोफिको.

तेव्हा पुढचा चित्रपट शोधत असाल, तर ‘विशिंग ट्री’ घ्या. ‘डोन्ट ग्रीव्ह’ त्यानंतर, आणि घरच्यांना सोबत घेऊन. एकट्याने हसण्यात मजा नाही.