तुम्ही विचारलंत म्हणून: साडेचार मीटरची ‘लाट’ नेमकी कुठे असते?

पावसाळा तोंडावर आला की प्रश्न सुरू होतात. ‘आज दुपारी साडेचार मीटरच्या लाटा उसळणार म्हणे, चौपाटीवर जाऊ का?’ बातमीत तसंच छापलेलं असतं, तेव्हा विचारणाऱ्याला दोष देत नाही. पण तेच उत्तर इतक्या वेळा देऊन झालंय की आता एकदाच सविस्तर लिहून टाकतो.

तो आकडा लाटेचा नाही. तो भरतीच्या पाण्याच्या पातळीचा आहे आणि मोजला जातो सागरी नकाशावरच्या एका ठरवलेल्या शून्यापासून. ते शून्य मुद्दाम खूप खाली, मोठ्या ओहोटीच्याही तळाशी धरलेलं असतं, म्हणजे खलाशाला दाखवल्यापेक्षा कमी पाणी सहसा मिळू नये. मुंबईत अपोलो बंदरावर समुद्राची सरासरी पातळीच या शून्याच्या वर 2.51 मीटर आहे. म्हणजे ‘साडेचार मीटर’ म्हणताना तुम्ही सरासरी समुद्राच्या वर जेमतेम दोन मीटर चढलेल्या पाण्याबद्दल बोलत असता. वारा पडलेला असेल तर हे पाणी लाटेशिवाय, गुपचूप चढतं. लाटा त्याच्यावर स्वार होऊन येतात. त्यांचा इशारा हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था वेगळा देते, आणि तोही मीटरमध्येच असतो. घोळ तिथेच होतो.

मग चौपाटीवर जायचं का? दोन्ही आकडे बघा. भरती 4.7 आणि समुद्र शांत, तर कठड्यामागे उभं राहून बघायला हरकत नाही. भरती 4.2 आणि बाहेर तीन-चार मीटरच्या लाटा, तर जाऊ नका. बातमीत पहिली गाजते आणि दुसरीचं नावही नसतं.

पुढचा प्रश्न ठरलेलाच: ‘पण मोठी भरती पौर्णिमेलाच ना?’ जवळजवळ. सूर्याचा भरतीचा जोर चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची बेरीज होते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास वजाबाकी, तो भांग. मुंबईत उधाणाचं पाणी सरासरी 0.76 ते 4.42 मीटर हलतं आणि भांगाचं 1.86 ते 3.30. फरक अडीचपट. मात्र समुद्र हुकूम मिळताच उठत नाही. पाण्याला किनाऱ्यांच्या आणि खोलीच्या मर्यादेत डोलायचं असतं, म्हणून सर्वांत मोठी भरती पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येते. 2022 ची वटपौर्णिमा 14 जूनला होती, त्या उधाणातली सर्वांत मोठी भरती 16 तारखेला, 4.87 मीटर. त्यात चंद्र पृथ्वीच्या जवळ असण्याचाही हात होता. अंतराचा परिणाम घनाच्या हिशेबाने होतो, त्यामुळे जवळचा आणि लांबचा चंद्र यांच्या जोरात चाळीसेक टक्क्यांचं अंतर पडतं.

आणखी एक गोष्ट कोणी विचारत नाही, विचारायला हवी. आपल्याकडच्या दिवसातल्या दोन भरत्या सारख्या नसतात. पावसाळ्यातल्या उधाणात दुपारची मोठी, हिवाळ्यात मध्यरात्रीची. डिसेंबरमध्ये मध्यरात्री पाणी पाच मीटरच्या आसपास जातं तेव्हा पाऊस नसतो, लोक झोपलेले असतात, बातमी छोटी होते. जुलैतली त्याहून लहान भरती मात्र पहिल्या पानावर.

आता तो प्रश्न, जो खरं तर सगळ्यांच्या मनात असतो: ‘26 जुलैला मुंबई भरतीमुळे बुडाली ना?’

पूर्वी मी याला ‘हो’ म्हणायचो. सोपं होतं. सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस, आणि त्याच दुपारी पावणेचारच्या सुमारास 4.48 मीटरची भरती. दोन्ही एका वेळी, विषय संपला. पण हिशेब मांडून बघा. 2005 ची गुरुपौर्णिमा 21 जुलैला होती. पौर्णिमेला मुंबईत भरती बाराच्या थोडं आधी येते. रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. पाच दिवसांचे चार तास दहा मिनिटं, म्हणजे चारच्या आगेमागे. ही भरती अवचित आलेली नव्हती. तिची वेळ आणि उंची कोष्टकात आधीच छापलेली होती.

‘भरती नसती तर’ असं म्हणणाऱ्या तेव्हाच्या माझ्याशी आज माझं खरं भांडण इथे आहे. भरती नसती म्हणजे कधी? ती 12 तास 25 मिनिटांनी येतेच. शहराच्या कितीतरी पर्जन्यवाहिन्या समुद्राला मिळतात ती तोंडं, म्हणजे पालिकेच्या भाषेतली पातमुखं, सरासरी समुद्रपातळीच्या खाली आहेत. पाणी 2.51 मीटरच्या वर गेलं की ती बुडालेली. दर भरतीला सुमारे सहा तास पाणी त्या रेघेच्या वर असतं. उधाण असो वा भांग, तास तितकेच. भांगाच्या दिवशी पाणी 3.30 पर्यंतच चढतं, पण तोंड तेवढ्यानेही बुडतं. म्हणजे दिवसातले साधारण बारा तास या वाहिन्यांना उतार मिळत नाही. हे चंद्राने केलेलं नाही, वाहिनीचं तोंड ज्याने त्या पातळीला ठेवलं त्याने केलंय. दरवाजे लावले तर समुद्र आत येत नाही, पण आतलं पाणीही बाहेर जात नाही. म्हणून पंप लागतात. हाजी अली आणि इर्ल्याची पंपिंग स्टेशनं 2005 नंतर आली.

शिवाय संध्याकाळी ओहोटी लागली होती. उधाणाचं पाणी कसं उतरतं ते बाराव्या हिश्श्याच्या नियमाने काढता येतं: सहा तासांत अनुक्रमे 1, 2, 3, 3, 2, 1 हिस्से. साडेतीन मीटरचा फरक धरला तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात समुद्र तासाला जवळजवळ 90 सेंटिमीटर खाली जातो. रात्री नऊ-दहापर्यंत तळ. तरीही मिठी नदीकाठच्या वस्त्यांतलं पाणी उतरलं नाही, कारण अडथळा समुद्राच्या तोंडाशी नव्हता, मागे होता: अरुंद केलेलं पात्र, भराव, गाळ. कुलाब्याला त्याच दिवशी 75 मिलिमीटरही पाऊस नव्हता आणि भरती तिथेही तीच होती. कुलाबा बुडालं नाही.

तर मग भरती निर्दोष? तेही म्हणवत नाही. पाऊस सर्वांत जोरात कोसळत होता त्याच तासांत पातमुखं बंद होती. तेच ढग रात्री नऊला फुटले असते तर सुरुवातीचं पाणी वाहून गेलं असतं, निदान माहीम आणि दादरच्या बाजूचं. किती? यावर वाद घालायला मी आजही तयार आहे, दोन्ही बाजूंनी.

राहिला तो व्यवहाराचा प्रश्न, ‘कोष्टक नसताना भरतीची वेळ कशी काढायची?’ कोकणातला जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट करा, तेवढे वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. या हिशेबाला मी पूर्वी हसायचो. दोष त्यात आहेच: पौर्णिमेला सव्वाअकरा येतात आणि दुसऱ्या दिवशी एकदम पाऊण. दीड तासाची उडी समुद्र मारत नाही. तिथीला 48 मिनिटांनी गुणलंत तर पौर्णिमेला बरोबर बारा येतात आणि उडी नाहीशी होते. पण बोटांवर पाऊणपट होते, 48 होत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासाच्या चुकीत काम भागत असेल तर जुनाच हिशेब वापरा. हेच गणित अनंत चतुर्दशीला लावा: दर वर्षी भरती अकराच्या सुमारास, दिवसा आणि रात्रीही, आणि उधाणाच्या उंबरठ्यावर.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं असेल तर मात्र वेळेइतकीच उंचीही बघा. अष्टमीला ओहोटी भर दुपारी मिळते, सोयीची वाटते, पण ती भांगाची असते. पाणी उधाणापेक्षा मीटरभर वरच थांबतं आणि वाट पूर्ण उघडी पडेलच असं नाही. उधाणाची ओहोटी खोल जाते, पण सकाळ-संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास, आणि परतताना पाणी झपाट्याने वर येतं. ओहोटीच्या तळाच्या तास-दीड तास आधी निघा आणि तळ गाठून तास व्हायच्या आत परत फिरा. ‘अजून घोट्याएवढंच आहे’ असं म्हणत थांबू नका, तिसऱ्या तासात ते मिनिटाला दीड सेंटिमीटर चढतं.