सरांसमोर ठेवलेली वही

पुण्यात जंगली महाराज रस्त्यावरच्या एका छोट्या कंपनीत मी ऑफिस असिस्टंट आहे. यंदा सहावं वर्ष. दिवाळीनंतर अकाउंट्सची मुलगी नोकरी सोडून गेली, तेव्हा सर म्हणाले, "नवीन माणूस मिळेपर्यंत तुम्ही बघा." मी हो म्हटलं. माणूस काही आला नाही.

हजेरी, पेटी कॅश म्हणजे किरकोळ खर्चाची रोकड, कुरिअर, एसीची एएमसी म्हणजे देखभालीचा वार्षिक करार, तिकिटं हे माझ्याकडे होतंच. त्यात टीडीएसचं, म्हणजे कापून घेतलेल्या कराचं चलान ७ तारखेपर्यंत, पीएफ आणि ईएसआय (कामगार विमा) १५ पर्यंत, जीएसटीचे कागद २० च्या आधी सीएंकडे. एक दिवस चुकला तरी व्याज बसतं, म्हणून जीव टांगणीला. रात्री साडेआठला वनाजला मेट्रोतून उतरून घरी पोचेपर्यंत मुलगी सासूबाईंजवळ झोपलेली असायची.

डिसेंबरात एकदा सरांना म्हटलं, "सर, काम फार वाढलंय." ते म्हणाले, "सगळ्यांचंच वाढलंय हो." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण दाखवायला काहीच नव्हतं.

मग एक शंभर पानी वही घेतली आणि दोन आठवडे प्रत्येक काम लिहिलं. वेळ, काम, कुणी सांगितलं. एका सकाळचं पान असं होतं:

१०.४० चहा-पाण्याचं व्हाउचर – सर
१०.५५ नाशिकच्या कोटेशनच्या प्रिंट, लगेच – सेल्स
११.०५ पीएफच्या शीटवर परत, कुठे थांबले होते ते शोधण्यात दहा मिनिटं
११.२० कुरिअरवाल्याला फोन – सेल्स

वही वाचली तेव्हा मलाच कळलं की निम्म्याहून जास्त "लगेच" सरांची नव्हतीच.

बोलायला १६ जानेवारी निवडली. पीएफ आदल्या दिवशी भरून झाला होता, सरांच्याही डोक्यावर काही नव्हतं. आदल्या संध्याकाळीच मेसेज करून वीस मिनिटं मागून ठेवली होती. आत गेले, वही पुढे ठेवली. आवाज थोडा कापत होता. "सर, मला काम टाळायचं नाहीये. पण एका दिवसात हे सगळं बसत नाही. आधी कुठलं आणि कुठलं राहिलं तर चालेल, ते तुम्ही सांगा."

सरांनी चष्मा लावला. बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेले, आणि तिसऱ्या पानावर थांबले. "हे सेल्सवाले तुम्हाला कधीपासून सांगतायत?"

"पहिल्यापासून, सर."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि माझ्यासमोरच खुणा केल्या. सेल्सची कामं आता मेलवर येतील आणि मी ती तीननंतर करीन. कुरिअर ऑफिस बॉयकडे. पीएफ-ईएसआयचं काम सीएंच्या ऑफिसला फी देऊन करून घ्यायचं. टीडीएस मात्र माझ्याकडेच राहिलं, आणि ते मी मान्य केलं.

पगाराचंही त्याच बैठकीत विचारलं. ते विचारणं सगळ्यात अवघड गेलं. "एप्रिलमध्ये बघू," एवढंच मिळालं. जागेवर येऊन लगेच, चहासुद्धा न घेता, ठरलेलं सगळं सरांना मेल केलं, एप्रिलच्या वाक्यासकट. "ओके" असं उत्तर आलं.

पहिल्या आठवड्यात सेल्सचे दोघं तरी टेबलाशी आलेच. "मेल करा ना, तीनला करते," एवढं म्हणायला मला तीनदा आवंढा गिळावा लागला. आता साडेसहाची मेट्रो मिळते. तो मेल प्रिंट काढून वहीत घातलाय, एप्रिलच्या पहिल्या सोमवारी परत वीस मिनिटं मागणार आहे.